मुक्ताच्या भागातलं घर

जपानमधल्या त्या ऐसपैस घराची जाहिरात हरीश गर्गे यांनी खरं तर फक्त बायकोला पाठवली होती. देवयानी दहा पावलांवर स्वयंपाकघरात होती, पण तिला जाऊन सांगायचं म्हणजे खुर्ची सोडावी लागते. जाहिरातीखाली त्यांनी लिहिलं, "शांत वस्ती, मुक्ताच्याच भागात. घेऊया का? कायमचे तिकडेच जाऊ." आणि बोट नेमकं कुवेतच्या महबूला वस्तीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पडलं.

मुक्ता त्यांची एकुलती एक लेक, नवरा नचिकेतसोबत आठ वर्षं जपानात. चार महिन्यांनी हरीश निवृत्त होणार, नोकरीबरोबर कुवेतचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवानाही संपणार. नाशिकच्या फ्लॅटमध्ये वाट पाहणारं आता कोणी उरलं नव्हतं. लेकीजवळ राहावं, एवढीच काय ती दोघांची इच्छा होती.

कुवेत सोडणाऱ्याचं सामान जो आधी पोचेल त्याचं, हा तिथला रिवाज. मजकूर पुसेपर्यंत बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या श्यामलाताई डोळे पुसत आत आल्या.

"अहो, तुमच्याशिवाय आमचा गणपती कसा व्हायचा हो?" असं म्हणत त्यांनी पर्समधून टेप काढली आणि रडता रडता सोफा मोजला. "साडेसहा फूट. बसतोय!"

हरीश बायकोच्या कानाशी लागले. "चुकून गेलंय म्हणून सांग ना."

"मी नाही सांगणार. घर परवडलं नाही म्हणून माघार घेतली, असं होईल ग्रुपभर. तुमचं बोट, तुम्हीच सांगा!"

तेवढ्यात रत्नागिरीच्या बुशराभाभी धापा टाकत आल्या. "देवयानीताय, फ्रीज कुणाला द्यायचा नाय हां! खाली हाफ लॉरी उभी केलीय. आज शुक्रवारची सुट्टी, उचलायला मानसं पन आहेत."

"घ्या" हा शब्द तोंडातून कसा निघाला, देवयानीचं तिलाच कळलं नाही. सोफा दिल्यावर फ्रीजला नाही कसं म्हणायचं? आणि फ्रीज गेल्यावर आतलं श्रीखंड तरी कुठे ठेवायचं? तेही गेलं. मग लॉरीत जागा आहेच म्हणून पलंगही गेला. दुपारी चारच्या सुमारास घरात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि हे दोघे उरले.

"खरंच जायचं का गं?" हरीश हळूच म्हणाले.

"सामान तर गेलंच," देवयानी म्हणाली आणि कित्येक महिन्यांनी मोकळेपणी हसली.

हरीशनी लगेच ती जाहिरात मुक्ताला पाठवली. मिनिटभरात तिचा फोन आला.

"बाबा, हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"नेटवर. तुझ्यापासून किती लांब आहे गं?"

मुक्ताने नाक ओढलं. मग म्हणाली, "बाबा, हे आमचंच घर आहे."

हरीशनी फोटो पुन्हा पाहिला. आठ वर्षांत व्हिडिओ कॉलवर त्यांनी लेकीचा चेहरा आणि मागचा पडदा, एवढंच पाहिलं होतं. दर वर्षीची रजा नाशिकला गेली. कधी आईचं आजारपण, कधी फ्लॅटची गळती, कधी कोणाचं तरी लग्न. पोटच्या पोरीचं घर आपल्याला ओळखता आलं नाही, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नचिकेतची ब्राझीलला बदली झालीय," मुक्ता रडत होती. "सांगायचा धीरच होत नव्हता. खालची खोली तुमच्यासाठी ठेवली होती, बाबा. दलालाने जाहिरातीत लिहिलंय, एक खोली कधीच न वापरलेली."

देवयानीने फोन ओढून घेतला. "विकलं का गं?"

"अजून नाही. रविवारी लोक बघायला येतात."

"मग पुढच्या रविवारी आमचं नाव लिही. गिऱ्हाईक म्हणून."

"आई, घेऊन काय करणार तुम्ही? आम्हीच नसणार इथे."

"घ्यायचंय कोणाला? एकदा बघायचंय. त्या खोलीत दोन दिवस राहू."

"अगं, सामान सगळं बांधलंय. जमिनीवर झोपावं लागेल."

देवयानीने रिकाम्या घरावरून नजर फिरवली आणि डोळे पुसले.

"झोपू की," ती म्हणाली. "आज रात्रीपासून सवय करतोय."