व्हर्लिनच्या पंखावर पाच जण

दुपारची गाण्याची तालीम संपवून चर्चची मंडळी व्हर्लिनच्या घरी कॉफी पीत होती, तेवढ्यात तो गॅरेजमधून आत आला. "वाळू संपली," तो रडवेल्या चेहऱ्यानं म्हणाला.

अकरा वर्षं तो गॅरेजमध्ये विमान बांधत होता. यंदा त्यानं दोन्ही पंख दोन-दोन फुटांनी वाढवले होते. का, तर विमान मक्याच्या शेतांवरून रुईच्या म्हातारीसारखं तरंगत उतरावं!

"एक म्हातारी घरात आहे, ती पुरे," त्याची बायको आर्डिस म्हणायची. तो उडूच नये, असं तिला मनापासून वाटे.

विमान क्लबच्या लोवेलनं बजावलं होतं, "उडताना हवा पंखाला वर ढकलते, म्हणून तो उलटा टांगायचा आणि त्यावर तेराशे पौंड ठेवायचे. टिकला तरच उडायचं." वाळूच्या पोत्यांचे पाचशे झाले होते. उरलेले आठशे आणायचे कुठून?

"आम्ही बसतो की!" जाडजूड हल्वर उत्साहानं म्हणाला.

गॅरेजमध्ये लोवेलनं पंखाखाली गाद्या अंथरल्या आणि एकेकाचं वजन विचारून फळ्यावर लिहिलं. आर्डिसनं "एकशे चाळीस" असं सांगितलं आणि छताकडे पाहिलं. हल्वरनं तर पोट आत घेऊनच आकडा सांगितला. चौघं बसले. पंख हळूच वाकला, झुलू लागला. व्हर्लिननं डोळे मिटले. तो केव्हाच ढगांत पोचला होता.

आर्डिस पाचवी. ती टेकली मात्र, कडाड! पाचही जण गाद्यांवर.

लोवेलनं बेरीज केली. "बाराशे साठ. चाळीस कमी पडले, व्हर्लिन. हा पंख धोक्याचा आहे. नाद सोड."

मोडक्या पंखावरून व्हर्लिन नुसता हात फिरवत राहिला.

आर्डिसला हवं होतं तेच झालं होतं. गप्प बसली असती, तर तो जन्मभर जमिनीवर राहिला असता. तिनं एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं.

"लोवेल, तो पोत्यांचा काटा आण इकडे."

"कशाला?"

"आण म्हणते ना!"

ती काट्यावर चढली. एकशे एक्क्याऐंशी.

हल्वरनं घसा खाकरला आणि बूट न काढताच काट्यावर पाय ठेवला. त्याच्यामागे बाकीचे मुकाट्यानं रांगेत उभे राहिले.

"चौदाशे ब्याण्णव!" नवे आकडे फळ्यावर मांडून लोवेल ओरडला. "म्हणजे आर्डिस बसायच्या आधीच तेराशे पार! अरे, आखणी पक्की आहे! अस्साच नवा पंख बांध."

व्हर्लिननं आर्डिसला सगळ्यांदेखत मिठी मारली. "अगं, तू मला आकाश दिलंस!"

"हो, हो. सोड आता," ती म्हणाली आणि ओलं फडकं घेऊन फळ्याकडे धावली. एकूण बेरीज तेवढी ठेवून बाकीचे सगळे आकडे तिनं घासघासून पुसून टाकले.