दोन दंडारींत एकच राजपुत्र

"नागपूर ते सिरोंचा, माझ्याइतकं तीक्ष्ण नाक दुसऱ्या माणसाला नाही," असं गुणवंतराव गुप्तहेर स्वतःच सांगत. हरवलेल्या तीन म्हशी त्यांनी शोधल्या होत्या. पैकी दोन आपणहून घरी आल्या आणि तिसरी भलत्याचीच निघाली, हे त्यांचा सहायक इनायत शिंपी विसरला नव्हता.

१९५६ साली सावलीच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, चार दिवस उरले आणि भानगड झाली. सोमाजीच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकात, राजपुत्र घर सोडतो, रानात वाट चुकतो, एक म्हातारी वाट दाखवते, तो राक्षस मारून घरी येतो. शेजारगावच्या मुखरूच्या दंडारीतही तेच!

"यानं माही गोष्ट चोरली!" सोमाजी ओरडला.

"तुह्याच बापानं माह्या बापाची चोरली असन!" मुखरू म्हणाला.

पंचांनी बजावलं : चोर सापडेपर्यंत दोन्ही दंडारी बंद. इनायतनं बुडणारी मजुरी बोटांवर मोजली. दोन्हीकडचे अंगरखे तोच शिवत होता.

गुणवंतरावांनी भिंग काढलं. गोष्टीवर ते कुठं धरायचं हे न सुचल्यानं सोमाजीवर धरलं. पहिला संशय पत्रू ढोलकीवाल्यावर, कारण तो दोन्हीकडे वाजवी. पण पत्रू डोळे मिटून वाजवायचा. राजपुत्र रानात गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. मग सिरोंच्याचा एक गाडीवान भेटला. त्याच्या तेलुगू आजीचीही गोष्ट हीच.

"टोळी आहे ही!" गुणवंतराव कुजबुजले.

"माही अम्मीबी हेच सांगे," इनायत बोलून गेला. "फक्त तिच्यात शहजादा."

गुणवंतराव थबकले. "गोष्ट तुझ्या घरी. कपडे दोन्हीकडचे तुझ्या हातचे!" त्यांनी पुरावा म्हणून त्याची कात्रीच जप्त केली.

"भाऊ, कात्रीबिगर शिवू कसा?"

"आरोपीनं प्रश्न विचारू नये."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुगंधाबाईंनी अंगणात सरपणाची मोळी आपटली. "सकाळी निघाले, तं वाट चुकले. शेजारच्या आबिदाची म्हातारी सासू भेटली, तिनं पायवाट दाखवली. पुढं अस्वल! कुऱ्हाड आपटली, पळालं. आले घरी."

"चोरी! हीच ती गोष्ट!"

"मंग कोनती सांगू? वाट चुकत नाई त्या दिवशी मी काई सांगते का? मुकाट चूल पेटवते. अन् जो रानातून आलाच नाई, त्याची गोष्ट कोन सांगन? कात्री द्या त्याची!"

सुगंधाबाईंनी हेच पंचांनाही ऐकवलं. पंच स्वतः कधी ना कधी रानात वाट चुकून आलेले. त्यांना लगेच पटलं. दोन्ही दंडारी झाल्या, अंगरखेही वेळेवर झाले.

मंडईत गुणवंतराव तपासाची हकिकत सांगत होते. "घरून निघालो. भरकटलो. मग एका म्हातारीनं वाट दाखवली..."

"म्हातारी कोनाले म्हनता?" गर्दीतून सुगंधाबाई पुढं आल्या.

राक्षसही आला, इनायत मनाशी म्हणाला. आता राजपुत्राचं सुखरूप घरी पोचणं तेवढं उरलं होतं, आणि त्याचीच त्याला शंका होती.