घोटवडेकरांचं एकेरी भूतघर

घोटवडेकरांच्या घरी चहात साखर विसरली तर विसरली. मागाहून घालता येत नाही. त्यांच्या ओट्यावर डावीकडून पातेलं, साखर, चहापत्ती, दूध, गाळणं असा क्रम लागलेला आहे आणि माणसाने डावीकडून उजवीकडेच सरकायचं. दुधापाशी पोचल्यावर साखर आठवली तर घोटवडेकर शांतपणे म्हणतात, "वहिनी, फ्लो उलटा जाता कामा नये." मग आपण बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि तोंड वाकडं करायचं नाही.

हेमंत घोटवडेकर मूळचे चिंचवडचे. इथे जर्मनीत, गार्चिंगला, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात आणि आमच्या ह्यांच्याच कंपनीत कारखान्यांचे लेआउट आखतात. कुठलं मशीन कुठे बसवायचं, माल कुठून आत यायचा नि कुठून बाहेर पडायचा, हे ठरवायचा त्यांना पगार मिळतो. तेवढ्यावर भागलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण हा गृहस्थ घरी येतो तोच मुळी कारखाना काखोटीला मारून. एका वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रसादाची रांग त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती अशी आखली की शिरा पुन्हा हवा असेल तर हॉलबाहेर पडून, पार्किंगला वळसा घालून, पुन्हा दर्शन घेऊनच यावं लागे. जर्मन पाहुण्यांना वाटलं, काय या लोकांची भक्ती!

तर अशा माणसाने दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास घरात भूतघर काढलं.

ड्युसेलडॉर्फहून इथे येऊन त्यांना वर्ष झालं होतं. मुलगी केतकी नऊ वर्षांची. मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर द्यायची, पण ते जर्मन ऐकायला घरात कुणी येत नव्हतं. वाढदिवसाला तीन मुली आल्या, तर पत्रिकेत लिहिलेली वेळ संपताच आया कोट घेऊन दारात उभ्या. आत या म्हटलं तर नाइन, नाइन, डांके, म्हणजे नको, नको, आभार. शेजारच्या फ्राउ लिंडनर तर वर्षभर यांची पार्सलं घेऊन ठेवत होत्या, पण आणून द्यायच्या त्या उंबऱ्याबाहेरूनच. घोटवडेकरांची बायको शुभदा हे सांगताना डोळे पुसत होती. घोटवडेकर म्हणाले, यंदा हॅलोविनला गल्ली आपल्या घरात आली पाहिजे. त्या दिवशी मुलं दारोदार खाऊ मागत फिरतातच, त्यांना आत घ्यायचं.

मला वाटलं, चार भोपळे कोरतील नि गप्प बसतील. कसलं काय! सबंध ऑक्टोबर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि शुभदा सगळ्यांच्या मांडीवर ताटं देऊन वाढत होती. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटल्या. पुढच्या दारातून आत, दारातच बूट काढायचे, जिना उतरून केलर, बॉयलरपाशी सांगाडा, वॉशिंग मशीनमागे हडळ, मग मागच्या दगडी पायऱ्यांनी बागेत आणि तिथून गच्चीवजा ओट्यावरून जेवणाच्या खोलीत. तिथे खाऊ. मुलांबरोबर एक मोठं माणूस हवंच, हा नियम.

हडळ मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी सुचवलं, पहिल्या पायरीवरच किंकाळी मारते. घोटवडेकरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सुरुवातीलाच घाबरलेला माणूस मागे पळतो, फ्लो उलटा जातो. भीती थोडी थोडी वाढवायची, म्हणजे तो पुढेच पळतो. मी म्हटलं, बरं, निदान हडळीचे पाय तरी उलटे दाखवू, आमच्या आजोळची प्रत्येक हडळ तशीच होती. तेही नाही. उलट्या पावलांमुळे लोकांना दिशा चुकेल म्हणे. भुताखेतांना दिशादर्शक करणारा हा पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस असावा.

त्या दिवशी सकाळपासून रिपरिप चालू होती. दुपारी पाहते तो गृहस्थ मागच्या पायऱ्यांवर ताडपत्री बांधून खाली सतरंज्या अंथरत होते. अगदी ओट्यापर्यंत. मी विचारलं, इथे काय कीर्तन आहे? तर "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणून त्यांनी एक कोपरा ताणला. या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो.

संध्याकाळी मात्र गल्ली लोटली. पांढरं पातळ नेसून, केस सोडून मी इतकी किंचाळले की घसा बसला. मुलं पुढेच पळाली, हे कबूल करते. मध्ये जरा उसंत मिळाली म्हणून वर जेवणाच्या खोलीत गेले आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! खोलीभर माणसं, सगळी मोज्यांवर. बूट पुढच्या दारात, आणि दाराकडे जायच्या वाटेवर नवी रांग आत येत होती. मध्ये दोरी. रांग संपेपर्यंत कुणालाही घरी जाता येणार नव्हतं. अहो, साध्या गणपतीच्या देखाव्यातसुद्धा चपलांचा विचार करतात, आणि हे लेआउटचे महामहोपाध्याय!

घोटवडेकर दोरीपाशी उभे होते. मी बसलेल्या घशाने म्हटलं, "कारखान्यातला माल अनवाणी असतो हो. माणसांना बूट लागतात. विसरलात ना?"

त्यांनी आत पाहिलं. फ्राउ लिंडनर खुर्चीवर पाय दुमडून बसल्या होत्या. अंगठ्यापाशी मोजा फाटलेला. हातात साबुदाणा वडा घेऊन त्या शुभदाला, यात काय काय घातलंय, ते विचारत होत्या, आणि शुभदा हातवारे करून साबुदाणा समजावत होती. नातीला त्यांनी केतकीच्या घोळक्यात सोडलं होतं. केतकी खाली जमिनीवर बसून वरच्या पट्टीत बोलत होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

"विसरलो नाही, वहिनी," घोटवडेकर हळूच म्हणाले. "बूट पायात असले की ही माणसं उभ्या उभ्याच निघून जातात."

दुपारच्या सतरंज्या आठवल्या, मोजे भिजू नयेत म्हणून अंथरलेल्या. मला एकदम भरून आलं आणि भरून आल्याचा रागही आला. हा माणूस गेला महिनाभर भूतघर आखतच नव्हता.

रांग केव्हाच संपली. दोरी काढायची होती, पण घोटवडेकर भोपळ्यातल्या मेणबत्त्या नीट करत बसले आणि दोरीबद्दल कुणी विचारलंही नाही. मी निघू म्हटलं, तर माझ्याही चपला पुढेच. तेवढ्यात शुभदाने हातात चहा दिला. गडबडीत साखर विसरली होती. मी एक खुर्ची ओढली आणि फ्राउ लिंडनरच्या शेजारी बसून तो सावकाश प्याले.