पैनगंगेची मरळ आणि तिची धाकटी बहीण

शाळा तपासणारे डिप्टी साहेब अकराच्या बसने येणार होते, आणि पैनगंगेच्या तेलुगू काठावर, जैनथजवळच्या मराठी शाळेत यशवंतराव गुरुजींच्या टेबलावर दोन घमेल्यांत दोन मासे पोहत होते. एकात पैनगंगेची हातभर मरळ, दुसऱ्यात बाजारहत्नूरकडच्या डोंगरओढ्यातली बोटभर मरळ. साहेबांना धडा आवडला तरच शाळेला सातवीचा वर्ग मिळणार होता. नाहीतर सहावी झालेल्या पोरींनी तेलुगू शाळेत जायचं, नाहीतर घरी बसायचं.

"पाहा पोरांनो," गुरुजींनी तालीम सुरू केली, "लई जुन्या काळी या दोघींचं खानदान एकच होतं. एक नदीत राह्यली, एक डोंगरात गेली. मधात मोठमोठे कडे. भेट नाई, सोयरीक नाई. लाखो वर्षांत ही खोल पान्याची झाली, ते खडकातली झाली."

त्यांचे मेहुणे उद्धवराव खिडकीशी बसून ऐकत होते. ते नदीपलीकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले. बहीण वच्छलाकडे, म्हणजे गुरुजींच्या घरी, दोन दिवसांसाठी आले होते, त्याला आज बारावा दिवस होता.

"लाखो वर्षं भेट नाई?" उद्धवराव कळवळले. "भाऊजी, माह्या अन् वच्छलाच्या मधात एक नदी हाय, तं जीव कासावीस होते!"

"मास्यांले हात लावू नका," असं बजावून, घमेल्यांवर फडकी टाकून गुरुजी साहेबांना आणायला फाट्यावर गेले.

गुरुजी दिसेनासे होताच उद्धवराव उठले.

"मामा, गुरुजींनी नाई म्हटलं ना!" सहावीतली चंद्रभागा ओरडली.

"चूप बस पोरी. बहिनी-बहिनींत ताटातूट काऊन?" म्हणत त्यांनी धाकटीचं घमेलं थोरलीच्या घमेल्यात ओतलं, फडकी पुन्हा टाकली आणि डोळे पुसले.

साहेब आले. हार झाला, चहा झाला. साहेबांना मराठी कळे, बोलता मात्र येत नसे. गुरुजींनी ऐटीत पहिलं फडकं उचललं. आत निव्वळ थेंबभर पाणी. दुसरं उचललं. आत एकटी मरळ, पोट टम्म, चेहऱ्यावर समाधान.

"मास्टर, दूसरी मछली किधर है?"

गुरुजींच्या हातातला खडू मोडला. उद्धवराव एकाएकी खिडकीचे गज मोजू लागले.

"दोघींची भेट झाली, साहेब," चंद्रभागा उभी राहिली. "मामांनी घडवली. लहानी आता पोटात हाय."

गुरुजींना सातवीचा वर्ग बुडताना दिसला.

"अच्छा? तो इत्ते बरस छोटी बची कैसे?" साहेबांनी भुवई उंचावली.

चंद्रभागाने एकदा मरळीकडे पाहिलं, एकदा मामांकडे.

"भेट नव्हती म्हणून, साहेब. मोठीले तिथं चढता येत नोतं. डोंगर मधात होता म्हणून लहानी जगली, अन् वेगळी झाली."

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी शेरेबुकात सातवीच्या वर्गाची शिफारस लिहिली आणि चंद्रभागाला आपला पेन देऊन टाकला.

संध्याकाळी वच्छलाबाई भाकरी वाढत होत्या. उद्धवरावांची पाचवी चालू होती.

"म्हंजे माह्यामुळंच वर्ग भेटला म्हना भाऊजी! आता वर्ग उघडल्याबिगर मी काई जात नाई."

गुरुजींनी आपलं ताट जरासं जवळ ओढून घेतलं, आणि खिडकीतून पैनगंगेच्या दिशेने मोठ्या मायेने पाहिलं.