सेतुरावांची अस्सल गाडी

आमचे शेजारी सेतुराव रोज सकाळी आंघोळ उरकून, कपाळाला गोपीचंदन लावून अंगणात येतात आणि आपल्या मोटारीला प्रदक्षिणा घालतात. बाकीचे लोक गाडीत काही बिघडलंय का ते बघतात. सेतुराव काही सुधारलं तर नाही ना, ते बघतात.

मोटार म्हणजे पांढरी अँबॅसडर. एके काळी ती पोलिसांची होती. खात्याने लिलावात काढली, भंगारवाल्याने उचलली आणि भंगारवाल्याकडून सेतुरावांनी सोडवून आणली. हा माणूस जन्मभर शाळेत भूगोल शिकवत होता. वर्गात मुलांनी दंगा केला तर हा बिचारा नकाशामागे तोंड लपवायचा. सायकलची घंटासुद्धा समोरच्याची माफी मागितल्यासारखी वाजवायचा. असा माणूस म्हातारपणी पोलीस गाडी घेऊन गल्लीत शिरला, तेव्हा तंजावरच्या राजवाड्यामागची आमची सगळी मराठी घरं तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन उभी राहिली.

"वैनी, सगळी ओरिजिनल आहे!" सेतुराव खिडकीतून ओरडले. तेवढ्यात गाडी बंद पडली. तेही ओरिजिनल असावं.

त्यांचं एक शास्त्र आहे. "गाडी जे खाते-पिते तें नवं चालेल. जे नेसते तें जुनंच हवं." म्हणजे पेट्रोल, तेल, टायरमधली हवा आणि ब्रेकच्या नळ्या नव्या; बाकी सगळं, सीटच्या फाटक्या कापडापासून डॅशबोर्डवरच्या तड्यापर्यंत, जसंच्या तसं. ब्रेकच्या नळ्यांनाही आधी त्यांचा विरोध होता. गाडी कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याच्या चुलीपाशी जाऊन थांबली, तेव्हा कुठे नळ्या "खाण्या-पिण्यात" आल्या.

कायद्याने छपरावरचा लाल दिवा काढायला लावला आणि दारावरची पोलिसांची अक्षरं रंगवून टाकायला लावली. सेतुराव आठवडाभर सुतक पाळल्यासारखे फिरत होते. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारून बाहेर बोलावलं. तिरप्या उन्हात रंगाखालून अक्षरं पुसट दिसत होती. "पाहिलंत? आंत आहे अजून!" त्यांचा चेहरा असा, की नातू झाल्याची बातमी सांगतायत. दिवा त्यांनी देवघरात नेऊन ठेवला. पाहुणे आले की विठोबाच्या आधी त्यालाच हात जोडतात.

आमचा मेकॅनिक दुरै म्हणजे दुसऱ्या टोकाचा माणूस. त्याला दिसेल त्या वस्तूत काहीतरी घालायचं असतं. "सार, पॉवर स्टीयरिंग पोट्टुडलामा? सार, एसी?" म्हणजे घालून टाकू या का, सर? सेतुराव कानांवर हात ठेवतात. मी दुरैच्या पक्षाची. तंजावरच्या उन्हाळ्यात त्या गाडीत बसणं म्हणजे इडलीने आपण होऊन पात्रात जाऊन बसणं. मी म्हटलं, "सेतुराव, निदान एक पंखा लावा हो."

"वैनी, तुम्ही पितळ देऊन एव्हरसिल्वर घेणारी माणसं. तुम्हाला ओरिजिनल काय कळणार!"

हा टोमणा वर्मी लागायचा, कारण खरा होता. लग्न होऊन मी कुंभकोणमहून या गल्लीत आले, तेव्हा माझ्याइतकी आधुनिक बाई कावेरीच्या दोन्ही काठांवर नाही अशी माझी खात्री होती. वडिलांच्या मोटारीत मी मागे बसत असे, तेवढ्या भांडवलावर मला मोटार चालवता येते असं मी सासरी जाहीर करून ठेवलं होतं. आल्या आल्या सासूबाईंची पितळी भांडी भांडेवालीला देऊन मी चकचकीत एव्हरसिल्वर, म्हणजे स्टील, घरात आणलं. पितळी डबऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, काफी हळूहळू निवायची. एव्हरसिल्वरची काफी माणसाला नाचवायची. सासरे पंचाच्या टोकाने पेला धरून अंगणभर फिरत फिरत काफी प्यायचे, आणि मी खिडकीतून बघून म्हणायचे, घरात काय चैतन्य आलंय!

तर मुद्दा गाडीचा. पोलीस गाडीच्या मागच्या दारांना आतून मूठ नसते. कैद्याने उघडू नये म्हणून. पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये लोखंडी जाळी असते. हे सगळं सेतुरावांनी जपलं होतं, आणि हे मला माहीत नव्हतं.

नवरात्राच्या बाजारात ते भेटले, म्हणाले, "चला वैनी, घरी सोडतों." मी जरीची साडी सावरून मागे बसले. मांडीवर पांढरा भोपळा, शेजारी केळीचा घड. टपालकचेरीसमोर त्यांना एक जुना विद्यार्थी दिसला. झालं! गाडी उन्हात लावून गुरुजी रस्ता ओलांडून गेले आणि त्याला मान्सून समजावत बसले. मी दार चाचपलं. मूठ नाही. काच जेमतेम चार बोटं खाली येत होती. त्या फटीतून मी हात बाहेर काढून हलवला.

आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. पोलीस गाडी, जाळीमागे घामाघूम म्हातारी, आणि फटीतून हलणारा, बांगड्या घातलेला हात. बायका जमल्या. "पाट्टी, एन्न आच्चु?" आजी, काय झालं? मी म्हणाले, "काही नाही, सेतुरावांनी नेलंय." हे उत्तर देण्याआधी मी जरा विचार करायला हवा होता. एकीने दुसरीला सांगितलं की पाट्टीने चिट फंड बुडवला. दुसरीने तिसरीला सांगितलं की चेहऱ्यावरून कधी वाटलं नाही. मी घरी पोचेपर्यंत चेन्नईहून सुनेचा फोन येऊन गेला होता: वकील बघायचा का?

आणि शेजारच्या खिडकीतून अक्काचा आवाज आला, "काय गे शारदे, सुटलीस? जामीन कोण राहिलं?"

अक्का म्हणजे सेतुरावांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा हिनेच सेतुरावांना वाढवलं. त्यांनी लग्न केलं नाही, हिचा संसार झाला आणि संपला, आणि पुन्हा दोघं एका घरात आली. जीभ अशी, की लिंबू लाजेल. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. शस्त्रक्रिया नीट झाली, काठीने घरात चालायला लागली, पण घराबाहेर पडेना. पाय फारसा दुमडत नसे. रिक्षात शिरता येईना. टॅक्सीवाल्याने उचलून बसवू म्हटलं, तर काठी उगारली. "मी काय तांदळाचं पोतं आहे?" मी अँब्युलन्स सुचवली. "अँब्युलन्समधून गेलं की लोक आटोपलं समजतात. घरी परत यावं तर तेराव्याचं पायसम करून ठेवलेलं असेल." तेव्हापासून ती खिडकीतच बसून असे. पावसाळा आला की मात्र विचारी, "सेतू, ओरत्तनाडूच्या कालव्याला पाणी आलं कां रे?" तिथे त्यांचं लहानपण गेलं होतं. सेतुराव म्हणत, "येईल, अक्का," आणि गाडी पुसायला जात.

मला राग यायचा. एवढी मोठी गाडी दारात आणि बहीण खिडकीत! माझ्या अटकेनंतर तर मी स्पष्टच म्हटलं, "आतून मूठ बसवा, जाळी काढा, सीट बदला. अक्काला बसता येईल अशी करा गाडी."

"मग ती पोलीस गाडी राहत नाही, वैनी. नुसती गाडी होते." ते खाली बघून म्हणाले. "आणि आडी महिन्यांत मेळा आहे."

जुन्या मोटारींचा मेळा यंदा आडीत, म्हणजे आषाढात, आमच्या राजवाड्याच्या पटांगणात भरणार होता. सर्वांत अस्सल गाडीला चांदीची ढाल. सेतुरावांना आयुष्यात एकदाच बक्षीस मिळालं होतं, तेही वेळेवर आल्याबद्दल. ही ढाल कुठे लावायची ती भिंत त्यांनी कधीच ठरवून ठेवली होती. कॅलेंडर उतरवून खिळा मोकळा केला होता.

मेळ्याच्या दिवशी मी चालत गेले. गर्दी सगळी सेतुरावांच्या गाडीभोवती. परीक्षक कोइंबतूरचे, मिशा अशा की त्यांनाही पॉलिश केलेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, मान डोलावली. मागची दारं आतून उघडून पाहिली, उघडली नाहीत, खूश झाले. जाळीवर टिचकी मारली. मग पुढचं डावं दार उघडलं, आणि मिशा थबकल्या.

पुढचं लांबलचक सीट डावीकडे कापलेलं होतं. त्या जागी एक जाड गादीचं आसन. परीक्षकांनी हात लावला, तर आसन गर्रकन फिरून दाराबाहेर तोंड करून उभं राहिलं.

"हे काय?"

"फिरतं आसन," सेतुराव म्हणाले.

"पोलीस खात्याचं?"

"नाही. सलूनचं."

दुरै मागून अभिमानाने म्हणाला, "सार, फर्स्ट क्लास चेअर! गिऱ्हाईक कितीही हललं तरी वस्तरा लागत नाही!"

परीक्षक भले होते. त्यांनी सेतुरावांना बाजूला घेतलं. मी अर्थातच जवळ सरकले. ते म्हणाले, असली गाडी मी दक्षिणेत पाहिलेली नाही. जुनं सीट जपलंय ना? मी काफी घेऊन येतो, तोवर ते आणून ठेवा. ढाल तुमचीच.

दुरैने पाना काढलासुद्धा. घर हाकेच्या अंतरावर. मला वाटलं, आता हा धावत सुटणार. सेतुराव पाना हातात घेऊन आसनाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी पाना दुरैच्या खिशात परत घातला.

"कालच तिच्या मापाने बसवलंय," ते परीक्षकांना म्हणाले. "तीनदां उंची बदलली, मग कुठे ती हो म्हणाली. उघडलं की माप हलतं." आणि माझ्याकडे वळून, एकदम घाईने, "वैनी, येतां कां? ती सकाळपासून नेसून बसलीय. कालव्याला पाणी आलंय."

गाडी दारात येऊन उभी राहिली. अक्का अंजिरी रेशमी साडीत, काठी टेकत आली. आसन बाहेर फिरलं. ती एखाद्या राणीसारखी पाठमोरी झाली, टेकली, आणि सेतुरावांनी तिला पायांसकट अलगद आत फिरवलं. कुणी उचललं नाही, कुणी वाकवलं नाही. गल्ली बघत होती. अक्का गल्लीला म्हणाली, "काय बघतां? दाढी करायला चाललेंय."

मी मागे, जाळीपलीकडे. यावेळी स्वखुशीने. वाटेत हिरवी भातं, नारळी, आणि मोपेडवरून वळून वळून बघणारी माणसं. पॉवर स्टीयरिंग नसल्यामुळे प्रत्येक वळणावर सेतुराव कण्हत होते आणि अक्का त्यांना गियर कधी बदलायचा ते सांगत होती. तिलाही माझ्यासारखंच कुणाच्या तरी गाडीत बसून चालवता येत होतं.

ओरत्तनाडूच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला गाडी थांबली. पाणी गढूळ, भरून वाहत होतं. सेतुरावांनी आधी माझं दार उघडलं, मग आसन पाण्याकडे फिरवलं. अक्काचे पाय दाराबाहेर आले. मी ती काहीतरी तिखट बोलेल म्हणून वाट बघत राहिले. तिने काठी बाजूला टेकवून ठेवली. वारा येत होता. मग म्हणाली, "सेतू, एवढ्यांत आंत फिरवूं नको रे."

"नाही, अक्का."

तिची एक चप्पल गळून चिखलात पडली होती. सेतुराव गुडघ्यांवर बसले, पंचाने तिचा पाय पुसला आणि चप्पल घालू लागले. अक्काने पाण्यावरची नजर न काढता त्यांच्या टकलावर हात ठेवला.

मी केळीच्या बागेकडे बघत उभी राहिले. एक चप्पल घालायला एवढा वेळ लागत नाही.