गरजांचा त्रिकोण आणि वीस स्टुलं

श्रीरंग ओगले आलमबागच्या तीन मजली सुपरमार्केटचे व्यवस्थापक झाले तेव्हा लखनौची माणसं कळायला आपल्याला आठ दिवस लागतील, असा त्यांचा अंदाज होता. त्याला तीन वर्षं झाली होती. अंदाज अजून तोच होता.

यंदा मात्र प्रश्न घरापर्यंत आला होता. विभागप्रमुख हर्षवर्धन सिंहांनी शब्द दिला होता की दिवाळीपर्यंत एकाही कर्मचाऱ्याने नोकरी सोडली नाही, तर ओगलेंची पुण्याला बदली. गेल्या दोन महिन्यांत अकरा जण समोरच्या नव्या दुकानात गेले होते. तरीही त्यांच्या पत्नी मालिनीबाईंनी त्याच संध्याकाळी लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या.

"काळजी नको. माणसाला कामाला प्रवृत्त करणं हे शास्त्र आहे," ओगले म्हणाले.

शास्त्र ते कंपनीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणातून घेऊन आले होते. गरजांचा त्रिकोण. तळाला अन्न, पाणी, आराम; त्यावर सुरक्षितता; मग स्नेह, मग मान. खालची पायरी भरल्याशिवाय माणूस वरची मागत नाही. ओगलेंनी चौऱ्याऐंशी कर्मचाऱ्यांना एकेकाला नावाने हाक मारून, हसून, एकेक फॉर्म दिला. त्यावर एकच प्रश्न होता, 'आपको किस चीज़ की ज़रूरत है?'

एकोणऐंशी जणांनी लिहिलं, 'बस, आपका स्नेह बना रहे.' चौघांनी लिहिलं, 'आप हैं, तो हमें क्या कमी है.' गोदामातल्या माणिकने एक शेर लिहिला, त्याचा अर्थ कोणालाच लागला नाही.

ओगले मूळचे सांगलीचे. तिथे माणसाला काय हवंय विचारलं तर तो सांगतो, आणि मिळालं नाही तर पुन्हा येऊन सांगतो.

"बघ, यांच्या खालच्या दोन पायऱ्या भरल्यात," ते जेवताना म्हणाले. "माणसं थेट स्नेहावर उभी आहेत."

"अहो, इथे तसं म्हणायची रीत असते," मालिनीबाई म्हणाल्या.

"पापा, वो तो सब बोलते हैं," अवनी म्हणाली. तीन वर्षांत लेकीचं मराठी ऐकण्यापुरतं उरलं होतं.

"चौऱ्याऐंशी माणसं एकदम खोटं लिहीत नाहीत."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बिलिंग काउंटरसाठी अमीनाबादच्या बाजारातून येणारी वीस स्टुलं रद्द केली. कॅशिअर बायका दिवसाचे नऊ तास उभ्याने बिलं करत. पण आराम ही तळाची पायरी, आणि तळ तर भरलेला होता.

स्नेहाला सुरुवात झाली. रोज सकाळी ओगले दारात उभे राहून प्रत्येकाच्या आईची तब्येत विचारू लागले. लखनौत तुम्ही आईची तब्येत विचारली की समोरचा तुमच्या आईची विचारतो, मग वडिलांची, मग तुमच्या गावच्या हवेची. पहिल्या दिवशी दुकान वीस मिनिटं उशिरा उघडलं, चौथ्या दिवशी पाऊण तास.

मग माईकवरून कौतुक. 'माणिक भैया ने आज चावल के बोरे बड़ी आत्मीयता से उतारे.' माणिकने वर येऊन माईक मागून घेतला आणि श्रेय गोदामातल्याच विपुलला दिलं. विपुल धावत आला. म्हणे, सगळं ट्रकवाल्याचं. ट्रकवाल्याला शोधायला दोघं बाहेर गेले. तांदूळ जिन्यातच. शिवाय रोज कोणाचा तरी वाढदिवस निघे, आणि नऊ तास उभ्या राहिलेल्या कॅशिअर आणखी अर्धा तास उभं राहून टाळ्या वाजवत.

दिवाळीच्या दहा दिवस आधी वीसही कॅशिअर केबिनमध्ये आल्या. पुढे निखत आपा, सगळ्यांत जुन्या. टेबलावर वीस राजीनामे ठेवले गेले, सुरेख अक्षरातले, प्रत्येकावर 'अत्यंत आदर के साथ'.

ओगलेंना पुणे मावळताना दिसलं. "आपा, स्नेह में कुछ कमी रह गई?"

"तौबा, सर. स्नेह तो बहुत हो गया. पाँव नहीं रहे. सामनेवाले बैठने को कुर्सी दे रहे हैं."

"तो फॉर्म में क्यों नहीं लिखा?"

पाहुणी म्हणून बोलावून कोणी स्वयंपाकघरातले डबे उघडायला सांगावं, तशा निखत आपा त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आप इतनी मोहब्बत से पूछ रहे थे, सर. ऐसे में कोई स्टूल माँगता है?"

ओगले तडक अमीनाबादला गेले आणि संध्याकाळच्या आत सहा ई-रिक्षांतून वीस स्टुलं घेऊन आले. निखत आपा बसल्या, पाय वर घेतले, डोळे मिटले आणि आपला राजीनामा फाडला. मग बाकीच्यांनीही. दिवाळीपर्यंत कोणी गेलं नाही. उलट समोरच्या दुकानातून चौघं परत आले.

हर्षवर्धन सिंहांनी ओगलेंना बोलावून घेतलं. ते परतले तेव्हा हातात मिठाईचा भलामोठा डबा होता.

"झाली ना बदली?" मालिनीबाईंनी दारातच विचारलं.

"साहेब फार खूश आहेत. म्हणाले, लखनौची माणसं इतकी ओळखणारा दुसरा कोणी नाही. आणखी तीन वर्षं मी इथेच राहावं, अशी त्यांची इच्छा आहे."

"पण त्यांनी शब्द दिला होता. तुम्ही स्पष्ट सांगितलंत ना?"

बुटाची नाडी सुटली तरी ओगले बराच वेळ खाली वाकूनच राहिले.

"त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा ओतला गं," ते म्हणाले. "मी म्हटलं, जैसा आप ठीक समझें."