मास्तरांनी घेतलेलं माप

टेलरमास्तरांकडे शिवलेला कपडा पुन्हा उसवावा लागत नाही, अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात मास्तरांचा स्वतःचा वाटा मोठा होता. त्यामुळे मुलाची जुनी माउंटन बाइक लांबच्या प्रवासासाठी सज्ज करायचं ठरलं, तेव्हा तिच्या पिशव्या दुसऱ्या कुणी शिवण्याचा प्रश्नच नव्हता.

"चारशे किलोमीटर? तू?" मास्तरांची थोरली बहीण फोनवर खो खो हसली.

"रविवारी निघतो, ताई. बुधवारी तुझ्या दारात घंटी वाजलीच म्हणून समज!"

आता माघार घेतली, तर ताईने जन्मभर ऐकवलं असतं.

सायकलवाल्याने खडबडीत टायर काढून गुळगुळीत चढवले, मागे कॅरिअर ठोकलं. राहिलं पिशव्यांचं माप. स्वतः सीटवर बसून स्वतःच टेप लावणं जमेना. मग मास्तरांनी सायकल स्टँडवर चढवली, सीट खाली केली आणि बायकोला बसवलं. ती शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती आणि रोज सायकलनेच जायची.

"पाय मारत राहा. आणि हलू नकोस."

"दोन्ही एकदम कसं करू?" ती म्हणाली. "अहो, वाटेत काय काय लागतं हो?"

"रस्ता," मास्तर दातांत टाचण्या धरून म्हणाले.

रविवारी सकाळी अख्खी गल्ली निरोपाला जमली. मास्तरांनी सीट वर केली, टांग मारली, आणि टाच पिशवीवर आपटली. धप्प. मग दुसरी टाच. धप्प.

"या सायकलींचं मागचं चाक पायाजवळच असतं," सायकलवाला म्हणाला. "पिशव्या मागे घ्या."

घेतल्या. तर चढावर पुढचं चाक हवेत उचललं जाऊ लागलं. मग तंबू हँडलला बांधला. आता हँडल आपणहून शेजाऱ्यांच्या फाटकाकडे वळायला लागलं. दुसऱ्या खेपेला मास्तर फाटकावर जाऊन थडकलेच.

"उसवा की मग!" शेजारी म्हणाले. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हा शब्द तीस वर्षांत त्यांना कुणी ऐकवला नव्हता.

सायकलवाला त्यांच्या दहा नंबरच्या बुटांकडे बघत होता. "मास्तर, माप कुणाचं घेतलं होतं?"

सगळी गल्ली मास्तरांच्या बायकोकडे बघू लागली.

"बघू तरी," ती म्हणाली. तंबू मागे गेला, पिशव्या मूळ जागी आल्या, सीट खाली झाली. ती निघाली, वळणापलीकडे दिसेनाशी झाली आणि चांगल्या वीस मिनिटांनी परतली. गाल लाल झाले होते.

"तिकडे लाकडाची वखार आहे! पुढे एक तळंही आहे म्हणे. इतकी वर्षं इथे राहून मला पत्ताच नाही. शाळेला सुट्टीच आहे... जाऊ?"

मास्तरांनी पिशव्यांकडे पाहिलं. कुठे तिची टाच लागलेली नव्हती, एक टाका ताणलेला नव्हता. त्यांना वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, अभिमानही वाटला. त्यांनी पिशवीतून आपले शर्ट काढले आणि बहिणीला फोन लावला.

"ताई, सायकल निघतेय. बुधवारी घंटी वाजणार."

"आणि तू रे?"

"मी बसने पुढे येतो. दार उघडायला."